नुसतं ‘अपडेट’ लिहून भागत नाही

कल्याणचा ब्रिटिशकालीन पत्रीपूल नोव्हेंबर २०१८मध्ये पाडला आणि नवा खुला झाला जानेवारी २०२१मध्ये. मधल्या काळातली वाहतूक कोंडी कल्याण-डोंबिवलीकर विसरणं कठीण!

ओपनस्ट्रीटमॅप हा कुणालाही दुरुस्त करता येणारा खुला नकाशा. समजा, त्यावरून तेव्हा कुणी जुना पूल पुसला आणि बदलासोबतच्या टिपणीत फक्त ‘अपडेट’ लिहिलं. दुसऱ्याला वाटणार, चुकून पुसला गेला. तो माणूस पूल नकाशावर पुन्हा रेखाटणार. ‘जुना पत्रीपूल पाडला, जागेवर जाऊन पाहिलं’ एवढं लिहिलं की घोळ मिटला. या टिपणीला २५५ अक्षरांची मर्यादा आहे. ती पुरून उरते.

सॉफ्टवेअरमध्ये नोंदवलेल्या बदलाला कमिट आणि त्यासोबतच्या अशाच टिपणीला कमिट मेसेज म्हणतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५मध्ये लिनक्ससाठी घडवलेलं गिट हे साधन बदल, तारीख आणि बदलणाऱ्याचं नाव स्वतःच नोंदवतं. कुठली ओळ बदलली, हेही दाखवतं. का बदलली, हे मात्र त्याला कळत नाही. ते माणसानेच लिहायचं. ‘बग फिक्स’ म्हणजे काहीच न सांगणं. ‘पासवर्डमध्ये मराठी अक्षर असलं की लॉगिन अडायचं, ते सुधारलं’ ही खरी नोंद.

रूढ पद्धत अशी: पहिली ओळ साधारण ५० अक्षरांत, मग एक ओळ मोकळी, खाली कारण. ‘गिट ब्लेम’ ही आज्ञा दिली की प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची बदलणाऱ्याचं नाव येतं; ‘का?’ हा प्रश्न त्यालाच विचारला जाणार. तेव्हा पुढच्या कमिटला कारणाची निदान एक ओळ लिहाच.