वाळूच्या टेकड्यांवरची सफर: कोणी जावे, कोणी थांबावे?

गेल्या महिन्यात वस्तीतल्या एक मावशी मोबाईल हातात घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचा मुलगा कतर देशात दोहा शहरात एका कंपनीत सुपरवायझर आहे. चार वर्षांनी त्याने आईला आणि बायकोला दोन महिन्यांसाठी बोलावून घेतले होते. तिकिटे काढली होती, व्हिसा आला होता. त्यात मुलाने एक व्हिडिओ पाठवला. पांढरी मोठी गाडी वाळूचा डोंगर चढते, टोकावर क्षणभर थांबते आणि धाडकन खाली जाते. आत बसलेली माणसे किंचाळतात, हसतात. खाली लिहिलेले, "आई, आपण तिघं इथं जायचं. पैसे भरलेत."

मावशींचे वय ६२. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत घसरून पडल्या, तेव्हा कमरेचा एक मणका दबला होता. सुनेला पाचवा महिना. मावशी म्हणाल्या, "पोरानं हौसेनं पैसे भरलेत. नाही कसं म्हणू? पण जाऊ तरी कशी?"

आपल्या वस्त्यांतली किती तरी मुले आखाती देशांत कामाला आहेत. आई-वडिलांना एकदा तरी तिकडे नेऊन आणायचे, ही त्यांची मोठी इच्छा असते. म्हणून मावशींना जे सांगितले, ते सगळ्यांसाठी इथे सविस्तर लिहीत आहोत.

ही सफर असते तरी काय?

कतरच्या आग्नेय टोकाला, सौदी अरेबियाच्या सीमेलगत खोर अल-अदैद नावाची जागा आहे. इथे समुद्राचे पाणी एका अरुंद वाटेने आत शिरते आणि वाळवंटाच्या मध्येच मोठे सरोवर तयार होते. एका बाजूला वाळूच्या टेकड्या, दुसऱ्या बाजूला निळे पाणी. अशी जागा जगात फार थोड्या ठिकाणी दिसते.

अर्ध्या दिवसाची सफर साधारण चार-पाच तासांची असते. गाडी दोह्यातून घरी किंवा हॉटेलवर घ्यायला येते. मेसईद ओलांडून सीलाईनच्या किनाऱ्यापर्यंत पक्का रस्ता आहे. तिथे उंटावर बसतात, चहा घेतात, आणि ड्रायव्हर गाडीच्या चारही चाकांतली बरीचशी हवा काढतो. पुढे रस्ता नाही, फक्त वाळू. टेकड्यांवरून वर-खाली करत गाडी पाण्याच्या काठी पोहोचते. वाटेत फळीवर बसून वाळूवरून घसरतात. मावळतीचा सूर्य पाहून परत फिरतात.

चाकातली हवा का काढतात? हवा कमी केली की टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटले जाते. उंटाचा पाय रुंद असतो म्हणून तो वाळूत रुतत नाही, तसेच हे.

टेकडीची घडणही समजून घ्या. तिकडे वायव्येकडून 'शमाल' नावाचा वारा वाहतो. तो वाळू ढकलत नेतो. वाऱ्याकडची बाजू हळूहळू चढत जाते आणि पलीकडची बाजू एकदम उतरते. सुमारे ३२ ते ३४ अंशांपेक्षा जास्त उतार कोरड्या वाळूला पेलत नाही, ती घसरून पडते. म्हणजे गाडी सावकाश चढते आणि टोकावरून अचानक तोंडघशी खाली जाते. टोकापर्यंत पोहोचेतो पलीकडे काय आहे, हे ड्रायव्हरलाही दिसत नाही. सफरीची मजा याच क्षणात आहे आणि धोकाही याच क्षणात आहे.

शरीरात काय घडते?

गाडी टोकावरून उतरते तेव्हा आपण सीटवरून थोडे वर उचलले जातो. गाडी खाली आपटते आणि सगळा भार बैठकीतून सरळ पाठीच्या कण्यात जातो. छातीचे मणके संपून कमरेचे मणके सुरू होतात तिथे हा भार सर्वांत जास्त बसतो. तरुण, दणकट हाडे बहुतेक वेळा तो सहन करतात. ठिसूळ झालेला मणका मात्र ओल्या विटेसारखा दबतो. वाळूत गाडी आपटून मणके मोडल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केलेल्या आहेत. पट्टा लावलेला असला तरी हे होऊ शकते. पट्टा माणसाला बाहेर फेकले जाण्यापासून वाचवतो, खालून बसणारा दणका तो थांबवत नाही.

पाळी गेल्यानंतर बाईची हाडे लवकर झिजतात. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी बरीच वर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील तरी हाडे कमजोर होतात. मणक्याचा टीबी होऊन गेलेल्यांनी तर विशेष जपावे. टीबी बरा झाला म्हणजे मणका पूर्वीसारखा झाला, असे नसते.

गरोदरपणात दुसरा धोका आहे. पोटाला जोराचा हिसका बसला तर वार गर्भाशयापासून सुटू शकते. रक्तस्राव होतो आणि बाळाचा जीव धोक्यात येतो. बाहेरून खरचटलेलेही दिसत नाही, तरी आत हे घडू शकते. म्हणून कितवा महिना आहे हे न विचारता आमचे उत्तर एकच: गरोदर बाईने या गाडीत बसू नये.

यांनी टेकड्यांवर जाऊ नये

- गरोदर स्त्रिया आणि अलीकडे बाळंत झालेल्या, विशेषतः सिझेरियन झालेल्या.
- मणका दबलेला, चकती सरकलेली, मानेचे किंवा कमरेचे ऑपरेशन झालेले.
- साठीच्या पुढचे, ज्यांना हाडे ठिसूळ असल्याचे सांगितले आहे.
- हृदयविकाराचे रुग्ण आणि ज्यांचा बीपी आटोक्यात नाही.
- फिट येणारे, हर्निया असलेले, नुकतेच कोणतेही ऑपरेशन झालेले.
- तान्ही बाळे आणि ज्यांना पट्टा नीट बसत नाही अशी लहान मुले. मुलाला मांडीवर घेऊन तर मुळीच बसू नये. दणक्यात ते हातात राहत नाही.

उन्हाचा हिशेब

नोव्हेंबर ते मार्च हे तिकडे फिरण्याचे दिवस. जून ते सप्टेंबर तापमान चाळीसच्या वर जाते. समुद्र जवळ असल्याने हवा दमट असते. दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणून नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात वाढलेल्यांनीही "आम्हाला सवय आहे" असे म्हणू नये. तिकडचा उकाडा वेगळा आहे.

कतर सरकारच्या २०२१ च्या नियमानुसार १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० पर्यंत उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. तापमान, दमटपणा, वारा आणि ऊन एकत्र धरून काढलेला आकडा ३२.१ च्या वर गेला तर वर्षातल्या कोणत्याही दिवशी काम थांबवायचे असते. तिकडे उघड्यावर काम करणाऱ्या आपल्या मुलांना हा नियम माहीत असायलाच हवा. आणि ज्या वेळी कामगाराला उन्हात उभे करायला बंदी आहे, त्या वेळी आपण हौसेने म्हाताऱ्या आई-वडिलांना तिथे नेऊ नये.

पाणी तहान लागायच्या आधीपासून थोडे थोडे प्यावे. ओआरएसची पाकिटे जवळ ठेवावीत. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी लवकर कमी होते, म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

डोके दुखणे, गरगरणे, खूप घाम येणे ही पहिली सूचना. सावलीत न्या, कपडे सैल करा, पाणी पाजा. माणूस असंबद्ध बोलू लागला, भान हरपले, अंग तापून लाल झाले तर तो उष्माघात आहे. अंगावर पाणी ओता, वारा घाला, लगेच मदत बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

मधुमेह असलेल्यांसाठी एक खास गोष्ट. तळपायांची संवेदना कमी झाली असेल तर तापलेली वाळू पोळते आहे हे कळतच नाही. संध्याकाळी खोलीवर आल्यावर फोड दिसतात. वाळूत बंद बूट आणि मोजे घालूनच चाला.

उंट, फळी आणि पाणी

उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसलेला माणूस पुढे फेकला जातो. खाली बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही तसेच होते. दोन्ही वेळा मागे रेलून खोगीर घट्ट धरा. कंबर दुखणाऱ्याने उंटावरही बसू नये.

उंटापासून माणसाला मर्स नावाचा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. तो २०१२ मध्ये प्रथम ओळखला गेला. असे क्वचितच घडते, पण मधुमेह, किडनीचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी उंटाजवळ जाऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. इतरांनी हात लावल्यावर साबणाने धुवावेत आणि उंटिणीचे कच्चे दूध पिऊ नये.

फळीवर बसून घसरणे सोपे, पण परत वर चढणे कठीण. मऊ वाळूत चालायला साध्या रस्त्यापेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त ताकद लागते. छातीत दडपण येणाऱ्यांनी खालीच थांबावे. पोहता येत नसेल तर पाण्यात घोट्यापुढे जाऊ नका, अरुंद वाटेत भरती-ओहोटीचा ओढा जोराचा असतो. चार चाकांची उघडी मोटारसायकलही भाड्याने मिळते. ती उलटली तर अंगावर येते. हेल्मेटशिवाय बसू नका आणि मुलांना मुळीच देऊ नका.

मळमळ आणि औषधे

गाडी लागते, कारण कान सांगतो "हलतो आहोत" आणि डोळा सांगतो "समोरची सीट स्थिर आहे". दोन तास आधी हलके खा, बिर्याणी खाऊन निघू नका. पुढच्या सीटवर बसा, दूर क्षितिजाकडे पाहा, मोबाईल खिशात ठेवा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, तिने झोप येते. दमा असेल तर पंप खिशात हवा, बॅगेत नको.

आता सर्वांत महत्त्वाचे. इथे सहज मिळणारी काही औषधे कतरमध्ये बंदी किंवा कडक नियंत्रणाखाली आहेत. त्यात ट्रामाडोल, कोडीन, प्रेगाबॅलिन, अल्प्राझोलाम, डायझेपाम ही नावे येतात. कंबरदुखीच्या, नसांच्या दुखण्याच्या, खोकल्याच्या आणि झोपेच्या औषधांत हीच असतात. विमानतळावर सापडली तर अटकही होऊ शकते. प्रत्येक पाकिटावरचे मूळ नाव डॉक्टरांकडून तपासून घ्या, इंग्रजीतली चिठ्ठी सोबत ठेवा, आणि शेजाऱ्याने "माझ्या पोराला द्या" म्हणून दिलेली गोळ्यांची पुडी अजिबात नेऊ नका. मावशींच्या पिशवीतल्या कमरेच्या गोळीत प्रेगाबॅलिन निघाले. डॉक्टरांनी ती बदलून दिली. सफरीचा प्रश्न घेऊन आल्या म्हणून हे वेळेत कळले.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

- प्रत्येक सीटला पट्टा आहे का? मधल्या आणि मागच्यासुद्धा?
- गाडी एकटीच जाणार की सोबत दुसरी असेल? रुतली तर ओढणार कोण?
- "सावकाश चालवा" म्हटले तर ड्रायव्हर ऐकेल का?
- कोणी किनाऱ्यावर थांबले तर सावली, पाणी, संडासाची सोय आहे का?

कतरला भेट देणाऱ्यांना १ फेब्रुवारी २०२३ पासून आरोग्य विमा सक्तीचा आहे. तातडीचे उपचार आणि अपघात त्यात येतात. पण अशा साहसी सफरीतली दुखापत त्यात धरली आहे का, हे आधी विचारून घ्या. तिकडचा तातडीचा फोन ९९९ आहे. थंडीच्या मोसमात सुट्टीच्या दिवसांसाठी सीलाईनला सरकारी दवाखानाही उघडतात.

दणक्यानंतर पाठीच्या मध्यभागी जोराची कळ आली, पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा गेला तर गाडी तिथेच थांबवा. त्या माणसाला बसते करू नका, ओढून बाहेर काढू नका. ९९९ ला फोन करा. "थोडं चाल, मोकळं होईल" हा सल्ला आयुष्यभराचे अपंगत्व देऊ शकतो. गरोदर बाईला नकळत असा हिसका बसलाच, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.

मावशींचे काय झाले?

मावशींनी आमच्यासमोरच मुलाला फोन लावला. आधी तो नाराज झाला. "आई, सगळे जातात गं." मग आम्ही त्याच्याशी बोललो, मणक्याचे आणि वारेचे समजावले. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं नुसतं फिरणं आहे."

शेवटी त्यांनी मार्ग काढला. तिघे सीलाईनच्या किनाऱ्यापर्यंत पक्क्या रस्त्याने गेले. सासू-सुना तंबूच्या सावलीत चहा पीत बसल्या आणि मुलगा मित्रांबरोबर टेकड्यांवर जाऊन दीड तासात परत आला. मावळतीला तिघांनी मिळून समुद्र पाहिला. मावशींनी फोटो पाठवला आहे. त्यात मागे वाळूचे डोंगर आहेत आणि पुढे त्या सरळ कण्याने उभ्या आहेत.

मुलांनी हौसेने काही ठरवले की आई-वडील आपले दुखणे लपवतात. तसे करू नका. मुलांनो, तुम्हीही पैसे भरण्यापूर्वी आईला एकदा विचारा, "कंबर कशी आहे गं?"