एका पुडीत दोन प्रतिजैविकं

शिरूर आणि दौंडच्या कोरडवाहू पट्ट्यात डाळिंबाची बाग धरणाऱ्यांना सहा ग्रॅमची एक पुडी चांगली ओळखीची आहे. पानाफळांवर तेलकट डाग दिसले, ‘तेल्या आला’ अशी कुजबुज सुरू झाली, की स्ट्रेप्टोसायक्लिन फवारणीच्या टाकीत पडतं. झान्थोमोनास जिवाणूचा हा रोग दमट हवेत झपाट्याने पसरतो, म्हणून पावसाळ्यात धरल्या जाणाऱ्या मृग बहराला त्याचा धोका सर्वाधिक. फळं तडकतात आणि वर्षाची कमाई जाते.

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तयार होणाऱ्या या पुडीत 90 टक्के स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट आणि 10 टक्के टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइड असतं. एका औषधातून निसटलेला जिवाणू दुसऱ्यात सापडावा, ही त्यामागची कल्पना. क्षयरोगात ती खरी ठरली आहे. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला क्षयाचे जंतू लवकर दाद देईनासे झाले, तेव्हा 1950 च्या सुमारास जोडीला दुसरं औषध आलं आणि प्रतिकार रोखता आला.

प्रत्येक जोडी मात्र अशी जमत नाही. 1951 साली लेपर आणि डाऊलिंग या अमेरिकी डॉक्टरांनी न्यूमोकोकसमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. फक्त पेनिसिलिन मिळालेल्यांपैकी 21 टक्के दगावले. पेनिसिलिनसोबत टेट्रासायक्लिनच्या कुळातलं ऑरिओमायसिन मिळालेल्यांपैकी 79 टक्के. पेनिसिलिन वाढत्या जिवाणूची भिंत बांधू देत नाही, म्हणून तो फुटतो. ऑरिओमायसिनने वाढच थांबवली, तर पेनिसिलिनला मारायला काही उरत नाही. उलट पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही जोडी एन्टेरोकोकस जिवाणूवर एकेकट्या औषधापेक्षा कितीतरी प्रभावी ठरते, कारण भिंत कमकुवत झाली की स्ट्रेप्टोमायसिनला आत शिरता येतं.

आता आपली पुडी पाहू. तिच्यातली दोन्ही औषधं जिवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर, त्यातही तिच्या लहान भागावर जाऊन बसतात. स्ट्रेप्टोमायसिनमुळे जनुकीय संदेश चुकीचा वाचला जातो. त्यातून तयार झालेली सदोष प्रथिनं पेशीच्या पटलात घुसतात, पटल गळू लागतं, आणखी औषध आत येतं आणि जिवाणू मरतो. टेट्रासायक्लिन प्रथिननिर्मितीच थांबवतं. सदोष प्रथिनं कमी झाली, की स्ट्रेप्टोमायसिनची मारकशक्तीही कमी होते. प्रयोगशाळेत अशा जोड्यांचा हा परस्परविरोध दिसून आला आहे.

जिवाणूपर्यंत पोहोचण्याआधीच, टाकीतही रसायन घडतं. टेट्रासायक्लिनच्या रेणूतले ऑक्सिजन अणू कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, तांबं यांच्या आयनांना घट्ट धरतात. म्हणूनच या गोळ्या दुधासोबत घेऊ नका, असं डॉक्टर सांगतात. आपल्याकडच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतातच. तेल्यासाठी पुडीबरोबर कॉपर ऑक्सिक्लोराइडही टाकलं जातं. तांबं स्वतः जिवाणूनाशक असल्याने अशा फवारणीचा परिणाम दिसतो, पण त्यात टेट्रासायक्लिनचा वाटा किती, हे टाकीबाहेरून कळत नाही. त्यातच टेट्रासायक्लिन उन्हात विघटित होतं.

खरा धोका मात्र पुढचा आहे. स्ट्रेप्टोमायसिनला निकामी करणारी strA-strB नावाची जनुकं फळबागांतल्या जिवाणूंमध्ये आढळली आहेत. ती एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात आणि अनेकदा इतर औषधांविरुद्धची जनुकंही सोबत नेतात. म्हणजे दोन औषधं एकत्र दिली म्हणून दोन्हींना प्रतिकार एकाच वेळी येणार नाही, हा हिशेब बागेत टिकत नाही. माणसांच्या उपचारातली औषधं यात खर्ची पडू नयेत, म्हणूनच केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्ये ही जोडी शेतीतून टप्प्याटप्प्याने हटवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला.

मग तेल्याचं काय? रोगमुक्त रोपं, रोगट फांद्या-फळांची छाटणी करून ती जाळणं, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करणं, बागेला पुरेशी विश्रांती आणि जिथे रोग मुरला आहे तिथे मृगाऐवजी पावसाळा सरताना धरायचा हस्त बहर, हे उपाय मेहनतीचे आहेत. पण जिवाणूला त्यांच्याविरुद्ध प्रतिकार कमावता येत नाही, आणि शेतकऱ्याच्या घरात उद्या कुणी आजारी पडलं तर औषध कामी येण्याची शक्यता त्यांनीच जपली जाते.