गजन पिन कोणी धरली आहे? (इंजिन उघडताना : भाग सहावा)

गेल्या आठवड्यात आपण अँबॅसडरचे चारही पिस्टन कनेक्टिंग रॉडसकट वरून बाहेर काढले आणि बाकावर एक ते चार असे ओळीने मांडून ठेवले. आता पिस्टन आणि रॉड वेगळे करायचे आहेत. दोघांना जोडणारी पोलादी नळी म्हणजे पिस्टन पिन. गॅरेजमध्ये तिला गजन पिन म्हणतात, आणि बोअरिंगवाल्याकडे गेलात तर नुसतं 'गजन' म्हटलं तरी पुरतं.

ही पिन बोटाएवढी जाड असते आणि वजन कमी राहावं म्हणून आतून पोकळ ठेवलेली असते. वरचा थर कडक केलेला, पृष्ठभाग घासून आरशासारखा केलेला. अँबॅसडरच्या १४८९ सीसीच्या इंजिनाचा बोअर ७३ मिमी, म्हणजे पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस सेंटिमीटर. जळत्या वायूचा दाब चाळीस बार धरला, तर त्या माथ्यावर जवळजवळ सतराशे किलोचा भार येतो. तो सगळा या एका पिनेतून रॉडकडे जातो, आणि इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल तर मिनिटाला दीड हजार वेळा जातो. तिथे बॉल किंवा रोलर बेअरिंग नाही. पंपाचं तेल दाबाने पोचतं ते काहीच इंजिनांत. बाकी ठिकाणी क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांवर भागतं. म्हणून पिन आणि भोक यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजारांश भागांत मोजतात.

इतक्या बारीक फटीत बसलेली वस्तू हातोड्याने ठोकून काढणं मला पाहवत नाही. पिस्टनचं अॅल्युमिनियम मऊ असतं, त्याचं गोल भोक लगेच लांबट होतं. रॉड वाकतो, आणि तो अर्ध्या केसाएवढा वाकला तरी डोळ्याला दिसत नाही. पुढे पिस्टन बोअरमध्ये तिरका चालतो, एका बाजूने घासतो, आणि नव्या रिंगा घालूनही धूर येत राहतो. मालक रिंगांना दोष देतो.

म्हणून पिनेला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या : तिला धरून ठेवलंय कोणी? पिस्टनने, रॉडने, की कोणीच नाही? पुढचं सगळं काम या उत्तरावर अवलंबून आहे.

एकाच इंजिन-कुळात पिन धरण्याच्या तीन रीती पाहायच्या असतील तर अँबॅसडरच्या चुलत घराण्याकडे बघावं लागतं. अँबॅसडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं 'बी सिरीज'. त्याचंच १७९८ सीसीचं मोठं रूप १९६२ पासून एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये बसायला लागलं. सुरुवातीच्या एमजीबीत पिन रॉडच्या वरच्या टोकात बोल्टने आवळलेली होती. १९६४ मध्ये क्रँकला पाच बेअरिंगं आली, तेव्हा पिन दोन्हीकडे मोकळी केली आणि दोन सर्क्लिपांमध्ये, म्हणजे खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्यांमध्ये, ठेवली. आणखी पुढे सर्क्लिपही गेल्या आणि पिन रॉडमध्ये घट्ट दाबून बसवू लागले. गाडी तीच, पण तिन्ही वेळा पिन काढायची रीत निराळी.

आपल्या बाकावर आहे ती जुनी, बोल्टवाली रीत. रॉडचं वरचं टोक एका बाजूने चिरलेलं आहे आणि एक बोल्ट ती चीर आवळतो. पिनेच्या मध्यावर एक खाच आहे आणि बोल्टचा दांडा त्या खाचेतूनच जातो. इथेच बरेच जण फसतात. बोल्ट सैल केला, आता पिन सरकेल असं धरून ते ठोकायला लागतात. पण बोल्ट नुसता सैल झाला तरी त्याचा दांडा खाचेत अडकलेलाच असतो. पिन हलत नाही, ठोका वाढतो आणि पिस्टनची कड फुटते. बोल्ट पूर्ण बाहेर काढा, टेबलावर ठेवा, मगच पिनेला हात लावा.

बोल्ट घट्ट असतो, तेव्हा रॉड व्हाइसमध्ये धरण्याचा मोह होतो. धरू नका, जोर आला की तो पिळवटतो. पिस्टन तर व्हाइसमध्ये मुळीच धरायचा नाही. पिनेच्या दोन्ही पोकळ टोकांत घट्ट बसतील अशा दोन पितळी गुट्ट्या लेथवाल्याकडून करून घ्या आणि व्हाइसचे जबडे त्या गुट्ट्यांवर लावा. म्हणजे पान्याचा सगळा जोर पिनेवर येतो, आणि तो सोसायला ती समर्थ आहे. कारखान्याचीही शिफारस हीच होती.

बोल्ट निघाला की पिन अंगठ्याने ढकलून निघायला हवी. निघाली नाही तर बहुधा पिस्टनमध्ये तेल जळून चिकटा झालेला असतो. पिस्टन गरम पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पुरतात. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. २० मिमीचं भोक साठ अंशांनी तापवलं की ते सुमारे ०.०२८ मिमीने मोठं होतं, आतली पिन त्याच्या जवळजवळ निम्म्याने. हजारांश मिलिमीटरच्या फटीपुढे उरलेली जागाही ऐसपैस आहे. पिस्टन पाण्यातून काढून जाड कापडावर धरा आणि पितळी दांड्याने हळूच रेटा. पुष्कळदा दांडाही लागत नाही.

निघालेली प्रत्येक पिन आपापल्या पिस्टनमध्येच परत ठेवा. कारखान्यात पिन आणि पिस्टन जोडीने निवडलेले असतात. चारही पिना एका डब्यात टाकल्या तर ती निवड गेली. आता पिन पुसून उजेडात फिरवा. जिथे ती पिस्टनमध्ये चालते तिथे पट्टा दिसेल. नख आडवं फिरवल्यावर त्या पट्ट्याच्या कडेला नख अडकलं, तर पिन बाद. निळसर झाक दिसली तर ती कधीतरी तेलावाचून चालली आहे, तीही बाद.

दुसरी रीत मोकळ्या पिनेची. पुष्कळशा आधुनिक इंजिनांत आणि बहुतेक डिझेलमध्ये पिन रॉडच्या बुशमध्येही फिरते आणि पिस्टनमध्येही. ती बाजूला सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना सर्क्लिप. काढताना सर्क्लिपवर एक बोट ठेवा, नाहीतर ती उडते आणि डोळ्याला लागते. ती निघाली की खाचेच्या कडेवरची बारीक धार स्क्रेपरने काढा, मगच पिन रेटा. ती धार तशीच राहिली तर पिन जाताना भोकाला लांब ओरखडा पाडते.

जुनी सर्क्लिप पुन्हा घालायची नाही, हे मी आग्रहाने सांगतो. माझ्याकडे एकदा एक डिझेल जीप आली होती. आदल्या कामात कोणीतरी जुन्याच क्लिपा परत घातल्या होत्या. एक क्लिप निसटली, पिन हळूहळू बाजूला सरकली आणि तिने बोअरच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत सरळ चर पाडला. मालक शेतकरी होता, सोयाबीन काढणीचे दिवस होते. काही रुपयांच्या तारेपायी स्लीव्ह, पिस्टन आणि पंधरा दिवस गेले. नवी क्लिप घालतानाही ती गरजेपेक्षा जास्त दाबू नका, तिची स्प्रिंग मरते. तिचं उघडं तोंड सरळ वर किंवा सरळ खाली ठेवा. पिस्टन वर-खाली झटके घेतो, आणि तोंड आडवं असलं तर त्या झटक्यांनी क्लिप मिटू शकते.

तिसरी रीत दाबून बसवलेल्या पिनेची. इथे रॉडचं भोक पिनेपेक्षा दोन-चार शतांश मिलिमीटरने लहानच ठेवलेलं असतं. गावाकडे बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना हे लगेच उमजेल. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल तापते, चाकावर सहज उतरते आणि पाणी पडताच लाकडाला अशी आवळते की खिळ्याचीही गरज लागत नाही. इथे धाव म्हणजे रॉडचं टोक आणि चाक म्हणजे पिन. टोक सुमारे अडीचशे अंशांपर्यंत तापवतात, मग थंड पिन एका झपाट्यात आत घालतात. दोन-तीन सेकंदांत पोलाद पिनेला पकडतं. पिन अर्ध्या वाटेत अडली तर ती तिथेच राहते. म्हणून ती नेमकी मध्यावर थांबावी यासाठी आधी अटकाव लावलेला जिग लागतो. गॅसच्या ज्योतीने तापवताना रॉडवर पिवळट, वाळल्या गवतासारखा रंग आला की थांबायचं. रंग निळा झाला तर पोलाद तीनशे अंशांकडे गेलं, आणि असा रॉड मी वापरणार नाही. काढताना मात्र प्रेस आणि पिस्टनच्या आकाराचा आधार दोन्ही लागतात. ही सामग्री घरी नसते. हे काम बोअरिंगवाल्याला द्या आणि तो हातोडा घेतो की प्रेस, ते उभं राहून पाहा.

परत अँबॅसडरकडे. नवी पिन पिस्टनमध्ये अंगठ्याच्या दाबाने जावी, असा जुना नियम आहे, पण तो वीस अंश तापमानाचा नियम आहे. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये पारा बेचाळीसवर असतो. त्या बावीस अंशांत २० मिमीच्या भोकाची फट पाच हजारांश मिलिमीटरने वाढते, आणि फट मुळात असते तेवढीच. दुपारी 'ढिली' म्हणून परत केलेली पिन पहाटे अगदी बरोबर बसते. उन्हाळ्यात हे काम सकाळी सहाला करावं, पिस्टन आणि पिन रात्रभर एकाच खोलीत ठेवून.

बसवण्याआधी पिस्टनच्या माथ्यावरची खूण बघा. तिथे 'फ्रंट' लिहिलेलं असतं किंवा बाण असतो. कित्येक इंजिनांत पिनेचं भोक मधोमध नसतं. ते मिलिमीटर-दीड मिलिमीटर एका बाजूला सरकवलेलं असतं, म्हणजे पिस्टन बोअरच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत नाही. पिस्टन उलटा बसला तर थंड इंजिन रोज सकाळी टकटक करतं. रॉडलाही दिशा असते. अँबॅसडरच्या रॉडचं खालचं टोक तिरकं कापलेलं आहे, तेव्हा पिस्टनची खूण आणि रॉडची बाजू दोन्ही मिळवून घ्या.

पिनेला तेल लावा, आत ढकला आणि खाच बोल्टच्या भोकासमोर आणा. बोल्ट आधी हाताने घालून पाहा. तो अडखळला तर खाच समोर नाही, पिन किंचित फिरवा किंवा सरकवा. स्प्रिंग वॉशर नवा घाला आणि पुन्हा त्या पितळी गुट्ट्यांवर धरून आवळा.

शेवटी रॉड आडवा धरा आणि पिस्टन हाताने वर उचलून सोडा. तो स्वतःच्या वजनाने, कुठेही न अडखळता, संथपणे खाली यायला हवा. धपकन पडला तर फट जास्त आहे, वरच थांबला तर कमी. चारही पिस्टन सारखे उतरले की ते पुन्हा ओळीने मांडून ठेवा आणि कापडाने झाका. पुढच्या आठवड्यात रिंगांची तोंडं बोअरमध्ये घालून मोजू.