दुभाष्याचे शिक्षण

चाकणचा कांदा आपणा सर्वांस ठाऊक आहे. आता त्या कांद्याच्या मुलखात भाषांचाही बाजार भरू लागला आहे. इंद्रायणीपलीकडे निघोज्याच्या शिवारात महिंद्राचा मोटारींचा कारखाना उभा आहे. चाकणास २००९ साली फोक्सवागनचा कारखाना सुरू झाला. आणि त्यांच्या आसपास सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या शेड पसरल्या आहेत. सकाळच्या पाळीला बसमधून उतरणाऱ्या माणसांचे बोलणे थोडा वेळ कान देऊन ऐकावे. मराठी, हिंदी, भोजपुरी, ओडिया, बंगाली, आणि मध्येच एखाद्या मोटारीतून उतरणारा जपानी किंवा जर्मन अभियंता. इतक्या भाषा एका आवारात नांदायच्या म्हणजे मध्ये दुभाषी हवाच. तो घडवावयाचा कसा, हे आज सांगण्याचा विचार आहे.

आपल्याकडे एक समज फार पक्का आहे. ज्याला दोन भाषा येतात तो दुभाषी! हे म्हणजे ज्याला दोन हात आहेत तो सुतार, असे म्हणण्यासारखे झाले. परकी भाषा शिकण्याची सोय पुण्यात उत्तम आहे. रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्समुल्लर भवन आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी आहे. परंतु भाषा येणे ही ह्या विद्येची केवळ प्रवेश-फी आहे. खरे शिक्षण त्यानंतर सुरू होते.

धंदा जुना आहे. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाषी होता. पुढे मद्रासकडे ह्याच शब्दाचा ‘दुबाश’ झाला आणि अर्थही पालटला. दुबाश म्हणजे साहेबाचा दलाल, सौदा जमवून देणारा आणि त्यात आपलाही हिस्सा राखणारा. मुंबईच्या पारशांत ते आडनावच झाले. सांगण्याचे कारण इतकेच, की मध्ये बसणाऱ्या माणसाचा सौद्यात हिस्सा असला तर त्याच्या भाषांतराचे काय होते, हा प्रश्नही धंद्याइतकाच जुना आहे. त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आमच्या वर्गात पहिल्या दिवशी शब्दकोश उघडत नाहीत. तीन खुर्च्या मांडतात. एकीवर जपानी पाहुणा, दुसरीवर आपला फोरमन, तिसरीवर विद्यार्थी. दोन्ही भूमिका शिक्षकच करतात आणि मुद्दाम वाईट करतात. एक जण श्वास न घेता तीन मिनिटे बोलतो, दुसरा अर्ध्यावर तोडतो. विद्यार्थ्याने हात किंचित वर करून बोलणाऱ्यास अदबीने थांबवावयास शिकले पाहिजे. आमच्या मुलांना हेच सर्वांत जड जाते, कारण वडीलधाऱ्यांचे बोलणे तोडू नये असे त्यांच्या अंगी मुरलेले असते. महिनाभर कागद-पेन्सिलही देत नाहीत. आधी स्मरण, मग टिपणे. टिपणांविषयी जिनिव्हाच्या झाँ-फ्रान्स्वा रोझाँ ह्यांनी १९५६ साली एक लहानसे पुस्तक लिहिले. शब्द नव्हे, कल्पना टिपावी, हे त्यातले सूत्र आजही आम्ही शिकवतो.

आता कारखान्यातली एक गंमत पाहा. जपानी अभियंता विचारतो, “हे माप तपासले नाही का?” आपला कामगार म्हणतो, “नाही.” म्हणजे तपासले नाही. शिकाऊ दुभाषी त्या ‘नाही’ला जपानी ‘ईए’ म्हणतो, आणि घोटाळा होतो. कारण नकारार्थी प्रश्नाला जपानी माणसाने ‘ईए’ म्हटले तर अर्थ होतो, ‘छे, तपासले की!’ येथे ‘नाही’चे भाषांतर ‘हाय’, म्हणजे ‘हो’, असे करावे लागते. आकड्यांचेही तसेच. आपण लाख-कोटीने मोजतो, जपानी माणूस दहा हजारांच्या ‘मान’ने मोजतो. पंचवीस लाख म्हणजे अडीचशे मान, तीन कोटी म्हणजे तीन हजार मान. हे पाढ्यांसारखे घोकून घ्यावे लागते; विचार करावयास बसले की पुढचे वाक्य हातचे जाते.

परंतु परक्या पाहुण्यासाठी दुभाषी मिळतो. त्याला पगार आहे, मान आहे, चहा आहे. ओडिशातून आलेल्या मुलासाठी कोण आहे?

काही वर्षांपूर्वी ह्याच पट्ट्यातल्या एका रुग्णालयात मी दुसऱ्याच कामाने बसलो होतो. प्रेसमध्ये बोटे सापडलेला एक मुलगा आणला. त्याला धड हिंदी येत नव्हते. बरोबर त्याच्याच शेडचा मुकादम होता, तोच दुभाषी झाला. कसे घडले, असे डॉक्टरांनी विचारले. मुलगा बराच वेळ बोलला. मुकादमाने एका वाक्यात सांगितले, “त्याचे लक्ष नव्हते.” मला ओडिया येत नाही, पण त्या बोलण्यात ‘सेन्सर’ हा शब्द दोनदा आला, तेवढा मी ऐकला. भाषांतरात तो नव्हता. कागदावर मुकादमाचे वाक्य गेले. मी तेव्हा उठून बोललो नाही, ही गोष्ट मला अजून खटकते.

तो मुकादम दुष्ट होता असे मी म्हणत नाही. तो घाबरलेला असेल, त्याला नोकरी असेल. पण हाच तो दुबाश. म्हणूनच पहिला नियम असा, की ज्याचा प्रकरणात हात गुंतला आहे त्याने मध्ये बसू नये. दुसरा नियम: दुभाष्याने ‘मी’ म्हणून बोलावे. ‘तो म्हणतो की’ असे म्हटले की सारांश करण्याचा मोह होतो. ‘माझी बोटे सापडली, त्याआधी सेन्सर’ असे म्हणू लागला की वाक्य गाळणे अवघड होते. काही विचारावयाचे असेल तर ‘दुभाष्याला कळले नाही’ असे उघड सांगून विचारावे, म्हणजे कोणाला आडून कुजबुज वाटत नाही.

रुग्णालयात दुभाष्याने रोग्याच्या बाजूला, किंचित मागे बसावे; म्हणजे डॉक्टर रोग्याकडे पाहून बोलतात. शिवाय तेथे अर्थ खोदून काढावा लागतो. मराठी बाई म्हणते, ‘पित्त झाले’. ते छातीतली जळजळ असेल किंवा अंगावर उठलेल्या गांधी असतील. परप्रांतीय डॉक्टरला ‘पित्त’ एवढाच शब्द देऊन भागत नाही. उलट न्यायालयात असे खोदणे हा अपराध ठरेल. साक्षीदार अडखळला तर अडखळलेलेच सांगावे, शिवी दिली तर शिवीच सांगावी. उत्तर सुधारण्याचा अधिकार दुभाष्याला नाही. साक्ष आरोपीस समजेल अशा भाषेत सांगितली जावी व दुभाष्याने ती खरी सांगावी, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. १९६९ च्या शपथ कायद्याने साक्षीदाराप्रमाणे दुभाष्यालाही शपथ आहे. पोलीस चौकीची तऱ्हा आणखी निराळी. तेथे हिंदीत कोणी विचारले, “आपकी शिक्षा कहाँ तक हुई?” तर मराठी माणूस घाबरून म्हणेल, “साहेब, मला कधीच शिक्षा झालेली नाही!”

हे शिक्षण आपल्या देशात होऊच शकत नाही असे मात्र नाही. बहिऱ्या बांधवांसाठी खुणांच्या भाषेचे दुभाषी तयार करणारा पदविका अभ्यासक्रम आहे. त्या भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीस २०१५ साली स्थापन झाले, आणि मुंबईस वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून बहिऱ्यांच्या शिक्षणाचे काम करीत आहे. हात बोलतात तेथे जे जमते ते जीभ बोलते तेथे का जमू नये?

माझ्या मते निघोजे-चाकण भागात सुरुवात लहानच करावी. येथे आठ-दहा वर्षे राहून चांगली मराठी बोलणारी ओडिया आणि बंगाली मुले पुष्कळ आहेत. त्यांतून दहा-बारा निवडावीत. आठवड्यातून दोन संध्याकाळी, पाळी सुटल्यावर, एखाद्या शाळेच्या खोलीत वर्ग भरावा. डॉक्टरांनी अर्धा तास येऊन रोग्याशी बोलावे तसे बोलावे, एखाद्या वकिलाने उलटतपासणी घ्यावी. आणि परीक्षेला तीच तीन खुर्च्यांची मांडणी असावी: एकीवर डॉक्टर, दुसरीवर बोटे सापडलेला मुलगा, आणि दाराशी, ‘मीच सांगतो ना सगळे’ म्हणणारा मुकादम. त्याला अदबीने बाहेर बसवून विद्यार्थी तिसऱ्या खुर्चीवर बसला, आणि ‘सेन्सर’ हा शब्द दोन्ही वेळा डॉक्टरांच्या कानी गेला, तर त्याला उत्तीर्ण करावे.