काचेवरची मींड

पहिला आयपॅड ३ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत विक्रीला आला आणि त्याच महिन्यात त्यावर कॉर्ग कंपनीचं आयइलेक्ट्राइब हे तालाचं ॲप आलं. नोव्हेंबरात आयएमएस-२० आलं, म्हणजे १९७८ चा एमएस-२० सिंथेसायझर त्याच्या खुंट्या आणि वायरींसकट काचेवर. पुढच्या मार्चमध्ये ॲपलनं गॅरेजबँड टॅबवर आणलं, पाच डॉलरला. भारतात आयपॅड अधिकृतपणे पोचला तो जानेवारी २०११ मध्ये, आणि सगळ्यांत स्वस्त मॉडेलची किंमत होती २७,९०० रुपये. तेव्हा जालन्यात तेवढ्या पैशात बरी पेटी आणि तबल्याची जोडी घेऊन वर पैसे उरत. त्यामुळे पहिली काही वर्षं ही वाद्यं आमच्याकडे फक्त व्हिडिओत वाजली.

आता दीड दशकानंतर मागे पाहताना त्या हजारो आवाजांपैकी फार थोडे लक्षात राहिलेत. मला मोलाची वाटते ती एकच गोष्ट. काचेवर बोट सरकतं, आणि बोटासोबत सूरही सरकू शकतो.

मराठवाड्यात गाणं शिकलेल्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या गावोगावच्या भजनी मंडळांची भिस्त पेटीवर. पट्टी विचारायची तीसुद्धा पेटीच्या भाषेत, काळी दोन की पांढरी चार. पण पेटीच्या दोन पट्ट्यांमधली जागा मुकी असते. याच कारणावरून आकाशवाणीनं १ मार्च १९४० पासून पेटीला बंदी घातली आणि १९७१ पर्यंत ती टिकली. जालन्या-अंबडच्या भजनात, कीर्तनात पेटी तरीही वाजत राहिली, आणि ते योग्यच झालं. सप्ताहातल्या शंभर गळ्यांना धरून ठेवेल असं दुसरं वाद्य कुणाच्या खिशाला परवडणारं होतं? पण सुरावरून सुरावर सरकत जाणारी मींड गेली ती गेलीच. पुढे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि बँजो पार्टीत कॅसिओ आला, ऑक्टोपॅड आला. आवाज शेकडो झाले, पट्ट्या मात्र पेटीच्याच राहिल्या. सूर वाकवायला डाव्या हाताशी एक चाक मिळालं, पण ते फिरवलं की वाजत असलेले सगळेच सूर एकदम वाकतात.

या अडचणीवर एका माणसानं फार आधी बोट ठेवलं होतं. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडून दहा राग ध्वनिमुद्रित केले: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. यातलं ३०३ हे खरं तर बेस गिटारीची जागा भरायला केलेलं यंत्र, पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती आणि रागाला तीच हवी होती. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक चकित झाले. त्याच वर्षी ३०३ आणि ८०८ यांची नक्कल करणारं रीबर्थ हे ॲपही आयपॅडवर आलं. सिंग २०१५ मध्ये गेले. त्यांनी ज्या यंत्रांवर भैरव वाजवला, त्यांतली दोन त्यांच्या हयातीतच एका टॅबमध्ये मावली होती.

रीबर्थ, आयएमएस-२० ही जुन्या यंत्रांची हुबेहूब चित्रं होती. त्यांतली खुंटी बोटानं फिरवताना मला नेहमीच अवघडल्यासारखं व्हायचं, कारण खुंटी हाताला लागत नाही. काचेचा स्वभाव ओळखला तो दुसऱ्या प्रकारच्या ॲपनी. जॉर्डन रूडेस या अमेरिकी वादकाचं मॉर्फविझ २०१० मध्ये आलं, मूग कंपनीचं ॲनिमूग २०११ मध्ये, आणि २०१५ मध्ये रूडेस यांच्याच सहभागातून जिओश्रेड. या शेवटच्या ॲपमध्ये ध्वनिमुद्रित नमुना वाजत नाही. तार छेडल्यावर ती कशी कंप पावते याचं गणित त्या क्षणी सोडवलं जातं आणि त्यातून आवाज तयार होतो. बोट सरकवलं तर सूर अखंड सरकतो, आणि थांबलं की हवं असल्यास जवळच्या स्वरावर नेमका बसतो. प्रत्येक बोटाचा सूर स्वतंत्र वाकतो. महेश राघवन यांनी यावर कर्नाटक संगीतातली गमकं वाजवली, तेव्हा हे खेळणं नाही हे पहिल्यांदा पटलं. प्रत्येक बोटाला स्वतंत्र वाट देणारी पद्धत २०१८ मध्ये मिडीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या मानकात, अधिकृतपणे आली. मिडी स्वतः १९८३ चं. पस्तीस वर्षं लागली.

जालन्यात मात्र बहुतेक टॅब अँड्रॉइडचे, आणि तिथं वेगळंच दुखणं होतं. बोट टेकल्यावर आवाज उशिरा यायचा. हाताला वीस-तीस मिलिसेकंदांपुढचा उशीर खटकू लागतो, आणि त्या काळच्या स्वस्त टॅबमध्ये तो शंभराच्या पुढे असे. द्रुत लयीत तबल्याच्या दोन बोलांमधलं अंतरच साधारण तेवढं असतं. म्हणजे बोट पुढच्या बोलावर आणि कानात मागचा. अँड्रॉइड ६ मध्ये, २०१५ साली, मिडीची सोय आली आणि २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ नं ध्वनीसाठी जलद मार्ग दिला, तेव्हा कुठे हे दुखणं हटू लागलं. तोवर अनेक पोरांनी टॅबवरचा ऑक्टोपॅड एकदा वाजवून कायमचा सोडून दिला होता.

आणखी एक अडचण ऊन. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं कंपनीच सांगते. आमची लग्नसराई एप्रिल-मेची, पारा चाळिशीपार, आणि वरात दुपारची. मांडवात टॅब तापून मध्येच बंद पडला तर नवरदेव थांबत नाही. म्हणून वाजवणाऱ्यानं कॅसिओ सोडला नाही, आणि त्याला मागासलेला म्हणणं अन्यायाचं आहे.

इफेक्टांचं सांगायचं तर आमच्याकडे इकोचं वेड आधीपासूनच. सप्ताहात साउंडवाला कीर्तनकारांच्या माइकला इतका इको देतो की अभंगाचा चरण आधीच्या चरणावर चढतो. टॅबवर रिव्हर्ब आणि डिले वेगळे दिसू लागले, ऑडिओबस या ॲपमुळे २०१२ च्या अखेरीपासून एका ॲपचा आवाज दुसऱ्यात नेता येऊ लागला, आणि शिकणाऱ्याला कळलं की खोलीचा भास वेगळा आणि पुनरुच्चार वेगळा. हे समजलेला एक जरी साउंडवाला गावात असला तरी कीर्तनाचे शब्द ऐकू येतात.

या काळात गमावलंही बरंच. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि ३२ बिटची सगळी ॲप एका रात्रीत बंद झाली. रोलँडच्या सांगण्यावरून रीबर्थही त्याच वर्षी मागे घेतलं गेलं. आजोबांची पेटी भाता बदलून नातू वाजवतो. विकत घेतलेलं ॲप मात्र सात वर्षांत नाहीसं होतं आणि दुरुस्तीला न्यायला दुकानही नसतं. मार्च २०२० च्या टाळेबंदीत मूगनं मिनिमूगचं आणि कॉर्गनं कॉसिलेटरचं ॲप काही दिवस फुकट दिलं. घरी अडकलेल्या मुलांनी ते उतरवून घेतलं. त्याच वेळी त्यांच्या बापांचे बँड दोन लग्नसराया घरात पडून होते.

सगळ्यांत खोलवर रुजलं ते सगळ्यांत साधं ॲप, तंबोऱ्याचं. बंगळुरूच्या राडेलची तंबोरा पेटी जुनी होती, पण ती गुरुजींकडे असायची, विद्यार्थ्याकडे नाही. मिरजेचा तंबोरा तर स्वप्नातच. २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं याचा आनंद आहेच. पण घनसावंगी किंवा भोकरदनच्या खेड्यातली मुलगी आज पहाटे टॅनपुरा ड्रॉइड लावून स्वतःच्या पट्टीत षड्ज लावते, आणि आयफोनवाला आयतबला प्रो लावून ठेक्यासह ख्याल घोटतो. रियाजाची एवढी मोठी सोय याआधी जालना जिल्ह्याला मिळाली नव्हती.

उरलं आहे ते आमच्या वाद्यांचं. ॲपच्या आवाजांत सतार, तबला, ढोलक सापडतात. संबळ, हलगी, दिमडी शोधावी लागते, आणि सापडली तरी एकाच ठोक्याचा नमुना सतत वाजत राहतो. एफएल स्टुडिओ मोबाइल या ॲपवर जयंतीची आणि गोंधळाची गाणी बांधणारी पोरं म्हणून स्वतःच मोबाइलवर संबळ मुद्रित करतात. ते नमुने खरखरीत असतात, पण त्यांच्यात जीव असतो. नीट करायचं तर संबळाच्या दोन्ही भांड्यांचे, वाकड्या आणि सरळ काडीचे, हलक्या आणि जोरकस हाताचे ठोके वेगवेगळे घ्यावे लागतील. हलगी आगीवर तापवल्यानंतरची वेगळी, तासाभरानं उतरलेली वेगळी. मराठवाड्यातल्या एखाद्या संगीत विभागानं गोंधळी आणि हलगीवादकांना मानधन देऊन, त्यांची नावं नोंदवून हे नमुने फुकट उपलब्ध करावेत. त्यासाठी लागणारे टॅब आणि माइक आता तालुक्याच्या गावीही मिळतात.