निंदणाचा रकाना

अकोल्यात पीककर्जाच्या कागदांवर 'निंदण' हा खर्च मी वर्षानुवर्षे मांडला. माझ्यापुरता तो आकडाच! परवा दर्यापूरकडे सोयाबीनची पेरणी पाहिली. पेरल्यावर दोन दिवसांत, कोंब वर येण्याआधी, पेंडिमेथॅलिन फवारतात. ओल्या मातीवर त्याचा पातळ थर बसतो, उगवते तण त्यातच मरते. ओल नसेल, तर पैसे मातीत. हराळी, लव्हाळा मात्र कशाला दाद देतात! झडीत मजूर मिळत नाहीत, पीक तणाखाली दबते. शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? पण बांधावरची म्हातारी म्हणाली, ''निंदाले आता कोनी बलावत नाई, साहेब.'' तिचे खुरपे कुडात खोचलेले होते. मजुरीचा तो आकडा हिचाच होता, हे मला इतक्या उशिरा कळले.