नाबोथाचा मळा आणि मुळशीची खाचरं

मे महिन्यात मुळशी धरणाचं पाणी खाली गेलं की काठाने जुने बांध वर येतात. भातखाचरांचे बांध. मध्येच जोत्याचे दगड, त्यांवर वाळलेल्या गाळाचा पापुद्रा. बोट लावलं की भुगा होतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळीतली दहाबारा तरुण मुलं घेऊन मी तिथं गेलो. एरवी आमचा बायबल-अभ्यास चर्चच्या हॉलमध्ये होतो. पण ‘पहिले राजे’ या पुस्तकाचा एकविसावा अध्याय या बांधांवर बसून वाचावा, असं फार दिवस मनात होतं.

अहाब राजाला राजवाड्याला लागून असलेला नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. तो फुकट मागत नाही. बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत. नाबोथ नाही म्हणतो. वाडवडिलांचं वतन विकायचं नसतं. मग राणी ईजबेल खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथाला दगडमार होते आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघतो. तिथं एलीया संदेष्टा त्याची वाट अडवून उभा असतो.

आम्ही बसलो होतो त्या जमिनीलाही नुकसानभरपाई देऊ केलेली होती. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांच्या कंपनीने इथं धरण योजलं आणि सरकारने १८९४चा भूसंपादन कायदा त्यांच्या हाती दिला. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे त्यांच्यासोबत होते. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. १९२४पर्यंत लढा मोडला आणि आंबेमोहोर पिकवणारी खाचरं पाण्याखाली गेली.

वाचून झाल्यावर एका मुलाने विचारलं, “सर, म्हणजे बायबल भांडवलशाहीच्या विरोधात आहे ना? मग आपण समाजवादी का?” दुसरी लगेच म्हणाली, “छे, चर्च तर कम्युनिस्टांच्या विरोधात असतं.” दोघंही अर्धं बरोबर बोलत होती, आणि अर्ध्या बरोबर गोष्टीच जास्त फसवतात.

गैरसमज : येशू समाजवादी होता, पहिली मंडळी साम्यवादी होती

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात यरुशलेमची मंडळी जमिनी विकून पैसा एकत्र करते आणि ज्याला जशी गरज तसं वाटते, हे खरंच आहे. पण पुढच्याच पानावर हनन्याची गोष्ट आहे. त्याने जमिनीच्या पैशातला काही भाग लपवून ठेवला. पेत्र त्याला दोष देतो तो खोटं बोलण्याचा. जमीन तुझी होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता, असं तो स्पष्ट सांगतो. म्हणजे वाटप स्वखुशीचं होतं. जकातदार जक्कय निम्मी मालमत्ता गरिबांना देतो, लुबाडलेलं चौपट परत करतो, आणि येशू त्याच्याकडे उरलेलं मागत नाही.

एवढ्यावर थांबणं मात्र सोयीचं ठरेल. स्वखुशीच्या दानावरच सगळं सोपवलेलं नाही, कारण लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात चक्क कायदा आहे. दर पन्नासाव्या वर्षी, योबेलाच्या वर्षी, विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत. मधल्या काळात विकायची झाली तर योबेलाला किती पिकं उरली ते मोजून किंमत ठरवायची. विकली जातात ती पिकं. जमीन कायमची विकताच येत नाही, कारण ती देवाची. माणूस तिचा मालक नव्हे, फार तर वहिवाटदार. हा कायदा प्रत्यक्षात कितपत पाळला गेला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण एका पिढीच्या कर्जाने पुढच्या सगळ्या पिढ्या भूमिहीन होऊ नयेत, ही त्यामागची चिंता ज्याच्या आजोबांनी सातबारा गहाण टाकला त्याला लगेच कळते.

गैरसमज : चर्च कम्युनिझमच्या विरोधात, म्हणजे भांडवलदारांच्या बाजूने

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यातून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९०मध्ये. पुढच्याच वर्षी, मे १८९१मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढलं. त्यात समाजवाद नाकारला आहे, खाजगी मालमत्तेचा हक्क मान्य केला आहे. आणि त्याच परिपत्रकात म्हटलं आहे की मालक आणि मजूर यांनी मजुरी राजीखुशीने ठरवली एवढ्याने ती न्याय्य होत नाही. पोटासाठी माणूस कमी मजुरी पत्करतो तेव्हा तो जबरदस्तीचाच बळी असतो. कामगारांना संघटना बांधण्याचा हक्कही तिथं मान्य केला आहे.

पोप पॉल सहावे १९६७मध्ये आणखी पुढे गेले : खाजगी मालमत्तेचा हक्क निरपेक्ष नाही, आणि सर्वांच्या हितासाठी कधी जमीन काढूनही घेता येते. इथं मी मुलांसमोर अडखळलो, कारण धरणवाल्यांचं म्हणणंही तेच होतं. वीज सर्वांच्या हिताची नव्हती का? होती. पण पोपचं वाक्य कोणत्या जमिनींबद्दल आहे ते पाहावं लागतं. ज्या मोठ्या जमीनदाऱ्या पडीक ठेवल्या आहेत, ज्यांच्यामुळे लोकांचे हाल होतात, त्यांच्याबद्दल ते आहे. तिथं जमिनीने मोठ्याकडून लहानाकडे जायचं असतं. मुळशीत ती दोन खाचरांच्या धन्याकडून कंपनीकडे गेली. सार्वजनिक हित हा शब्द दोन्हीकडे एकच; वाहण्याची दिशा उलटी. मुळशीचं पाणीही असंच उलटं वळवलेलं आहे. भीमेकडे, पूर्वेला जाणारं पाणी डोंगर पार करून कोकणात भिऱ्याच्या वीजघराला जातं.

हे सारं कॅथलिक चर्चचं झालं. प्रोटेस्टंटांना पोप नाही, आणि त्यांच्यात बाजारपेठेच्या कट्टर समर्थकांपासून ख्रिस्ती समाजवाद्यांपर्यंत सगळे आहेत. ‘ख्रिस्ती मत’ असं एकवचनी बोलणाऱ्याला आधी विचारावं, कुणाचं?

गैरसमज : वचनं तर स्पष्ट आहेत

पैसा सर्व पापांचं मूळ आहे, असं बायबल म्हणत नाही. ते पैशाच्या लोभाबद्दल बोलतं. गरीब तुमच्याजवळ नेहमीच असतील, हे येशूचं बोलणं गरिबीचा विषय संपवायला वापरतात, पण ते ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या ज्या ओळीची आठवण करून देतं, ती पुढे हात सैल सोडून द्यायची आज्ञा करते. आणि काम न करणाऱ्याने खाऊ नये, हे वचन कुणाचं? मुलांना ते भांडवलदारी वाटलं. पौलाच्या थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं हे तत्त्व १९३६च्या सोव्हिएत राज्यघटनेच्या बाराव्या कलमात जवळजवळ जसंच्या तसं आहे.

गैरसमज : हा युरोपातला वाद, आपल्याला काय त्याचं?

मला सर्वांत जास्त खुपतो तो हा. मुळशीच्या शेतकऱ्याची जमीन धरणाने नेली, पण तिच्यावरची पकड आधीच ढिली झाली होती. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. ज्याचं पोट त्या खाचरावर नव्हतं, त्याला भरपाई घेऊन मोकळं होणं सोपं होतं. कर्जाचा हा फास साऱ्या दख्खनचा होता. १८७५मध्ये याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा उसळला होता.

त्यावर इंग्रज सरकारने जे उपाय शोधले त्यातला एक १९०४चा सहकारी पतसंस्था कायदा. त्याचा नमुना जर्मनीतला. फ्रिडरिश राइफायझेन नावाच्या खेड्यापाड्यांतल्या महापौराने, श्रद्धाळू प्रोटेस्टंट माणसाने, १८६०च्या दशकात उभ्या केलेल्या पतसंस्थांचा. गावापुरती संस्था, एकमेकांना ओळखणारे सभासद, एकाच्या कर्जाला सगळे जबाबदार. आज गावोगावी जिला नुसतं ‘सोसायटी’ म्हणतात, तिची एक मुळी त्या श्रद्धेपर्यंत पोचते. वसईत मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८मध्ये लावलेलं पतसंस्थेचं रोप पुढे बॅसीन कॅथलिक सहकारी बँक झालं.

वर्ध्यात तर भांडवलशाही की समाजवाद, हा प्रश्न थेट विचारला गेला. जे. सी. कुमारप्पा, मूळ आडनाव कॉर्नेलियस, तमिळ ख्रिस्ती, मुंबईत हिशेबतपासनीस. गांधीजींनी १९३४मध्ये काढलेल्या ग्रामोद्योग संघाचा कारभार त्यांनी मगनवाडीतून पाहिला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर, एक येशूच्या शिकवणीवर. मला ती एकाच पुस्तकाचे दोन भाग वाटतात. न लावलेल्या झाडाचे आंबे खाणारं माकड हे त्यांच्या लेखी एका अर्थव्यवस्थेचं चित्र, आणि पिलांना भरवणारी पक्षीण दुसऱ्या. भांडवलशाही आणि साम्यवाद, दोघांतही मोठं यंत्र आणि वरून चालणारी सत्ता आहे, म्हणून त्यांनी दोन्ही नाकारलं. त्यांचे धाकटे भाऊ भारतन यांनी १९४६मध्ये पुस्तक लिहिलं, त्याचं नावच विचारतं : भांडवलवाद, समाजवाद की ग्रामवाद?

नगर जिल्ह्यात स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाची कामं केली तेव्हा आधी गावाने ठरवायचं असे : श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. अडचण अशी की चराईबंदीचा पहिला फटका शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनाला बसतो. म्हणून त्याची सोय आधी पाहावी लागते. माझ्या मते आर्थिक न्यायाची परीक्षा इतक्या लहान जागी होते.

ऊन कलायला लागलं तेव्हा शेवटी बसलेला मुलगा बोलला. त्याच्या घरची जमीन याच तालुक्यात, हिंजवडीच्या बाजूला होती. “आमच्या वडिलांवर कुणी खोटे साक्षीदार आणले नाहीत. त्यांनी गुंठ्याचा भाव पाहून विकली. आता तिथं टॉवर आहे आणि वडील त्याच्या गेटवर वॉचमन आहेत. यात अहाब कोण?”

मी लेवीयचं पान पुन्हा काढून त्याच्या हातात दिलं. त्याने तो अध्याय पहिल्यापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि किंमत पिकांवरून मोजायची त्या ओळीवर थांबून बोटांवर वर्षं मोजली.